नाव वर घ्यावी उधाणात, उतरवावी चढत्या पाण्यात

मे महिना सरत आला की रायगडच्या किनाऱ्यावर दोन धांदली एकदम सुरू होतात. गावाच्या वरच्या अंगाला राब भाजून झालेले असतात. बांध घालायचे, बियाणे वाळवायचे, पेंढा आणि लाकूडफाटा आत घ्यायचा अशी घाई असते. गावाच्या खालच्या अंगाला, वाळूवर, नावा वर ओढण्याचा गलका चाललेला असतो. पुष्कळ घरांत ही दोन्ही कामे एकाच कुटुंबाची असतात. थोरला शेताकडे, धाकटा नावेकडे. पाऊस दोघांनाही थांबत नाही.

शेतीच्या कामाविषयी आपण पुष्कळ वाचतो. नाव किनाऱ्यावर कशी घ्यावी आणि पुन्हा पाण्यात कशी सोडावी याविषयी मात्र कोणी लिहीत नाही, कारण ते काम ज्याला येते त्याला लिहायची सवय नसते. पूर्वी गावात चार जाणते तांडेल असत, तरुण पोर त्यांच्या हाताखाली पाहून शिकत असे. आता ओंडक्यांच्या जागी ट्रॅक्टर आला, लाकडी होडीच्या शेजारी फायबरची होडी आली, चाकांवर होडी ठेवून रस्त्याने नेणारे आले. साधने बदलली, पण समुद्र तोच आहे. म्हणून हा लेख. तो जसा मासेमारी करणाऱ्या घरासाठी आहे, तसाच ज्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर या कामाला भाड्याने जातो त्याच्यासाठीही आहे.

तिथी सांगते भरतीची वेळ

आपल्या किनाऱ्यावर दिवसाकाठी दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. रोज भरतीची वेळ साधारण पाऊण तास ते पन्नास मिनिटे पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास पाणी खूप चढते आणि खूप उतरते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास थोडेच चढते आणि थोडेच उतरते, तो भांग. खारभूमीत भात करणाऱ्या शेतकऱ्याला उधाण सांगायला नको. बांधाला खांड पडून खारे पाणी शेतात घुसते ते याच दिवसांत.

भरती किती वाजता हे काढायची जुनी रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट करावी. पंचमीला पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. पौर्णिमेला सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की वद्य, रीत एकच, आणि अमावास्येला आकडा पंधराच धरायचा. एक भरती दिवसा, दुसरी सुमारे साडेबारा तासांनी. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचे असेल तर पौर्णिमेला सकाळ-संध्याकाळ साडेपाचच्या आसपासची वेळ साधायची, ती याच हिशेबाने. हा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो. वारा जोराचा असेल किंवा गाव खाडीत बरेच आत असेल तर वेळ बदलते. म्हणून छापील भरतीचे कोष्टक मिळत असेल तर तेही पाहावे. पण रात्री अंगणात उभे राहून चंद्राकडे बघत उद्याची वेळ सांगता यावी, इतके प्रत्येक घरातल्या मुलाला आलेच पाहिजे.

आणखी एक गोष्ट. पाणी सहाही तास सारख्या वेगाने चढत नाही. सगळ्या चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी चढते. उधाणात आपल्याकडे चार मीटरचा चढउतार धरला तर मधल्या एकेका तासात पाणी एक मीटर वर येते. उतरता धक्का आठास एक असा असेल, तर तासाभरात पाण्याची कड आठ मीटर पुढे सरकते. सपाट वाळूवर तर कितीतरी जास्त. खाली उभा केलेला ट्रॅक्टर चहा पिऊन येईपर्यंत पाण्यात गेला, असे म्हणतात ते काही खोटे नाही.

मामांची अकरा दिवसांची शिक्षा

हा हिशेब चुकला की काय होते ते मी माझ्या आजोळी पाहिले. कुंडलिकेच्या काठचे गाव. मामांची लाकडी नाव पावसाळाभर वाडीच्या टोकाला झावळ्यांनी शाकारून ठेवलेली. नारळी पौर्णिमा झाली. त्या दिवशी पूजा झाली, नारळ वाहिला, पण पाहुण्यारावळ्यांत नाव उतरवायची राहून गेली. मामा म्हणाले, "चार दिवस इकडेतिकडे, त्याने काय बिघडते?" त्यांनी चतुर्थीचा दिवस धरला.

चतुर्थीची भरती तीन वाजता. माणसे जमून नाव हलायला साडेतीन वाजले. पाणी परतीला लागले होते. नाव ओंडक्यांवरून अर्ध्या वाटेत आली आणि पाणी तिच्याखालून निघून गेले. मग घाई झाली. खाडीत नांगर टाकून त्याला कप्पी बांधली, दोर परत किनाऱ्यावर आणून ट्रॅक्टरला जोडला. दोर जुना होता. ट्रॅक्टरने हिसका दिला आणि दोर तुटला तो सापासारखा उलटा आला. शेजारी उभ्या असलेल्या माझ्या मामेभावाच्या गुडघ्यावर बसला. तो पोरगा आजही जिना चढताना कठड्याला धरतो.

नाव तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी पाणी आदल्या दिवसापेक्षा कमी चढले, तिसऱ्या दिवशी त्याहून कमी. भांग लागला होता. पुढचे उधाण पोळ्याच्या अमावास्येला, म्हणजे अकरा दिवसांनी. इतके दिवस नाव उन्हात तिरकी पडून राहिली, फळ्यांच्या फटी उघडल्या, पुन्हा कापूस ठोकून तेल लावावे लागले. मोसमाच्या सुरुवातीला ज्या दिवसांत चार पैसे दिसतात, त्या दिवसांत मामा दवाखाना आणि किनारा यांच्या मध्ये फिरत होते.

यातून दोन नियम निघतात ते पाठ करावेत. पहिला: नाव नेहमी चढत्या पाण्यात हलवावी, पूर्ण भरतीच्या तास-दीड तास आधी कामाला लागावे. मग नाव अडकलीच तर पुढचे पाणी तिला उचलते. दुसरा: उधाण उतरणीला लागल्यावर, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येनंतर तीन-चार दिवसांनी, मोठी नाव किनाऱ्यावरून उतरवायला घेऊ नये. नारळी पौर्णिमेला नाव सोडायची आपली रीत देवाधर्माची तर आहेच, पण ती भर उधाणाचा दिवस आहे हेही जुन्या लोकांना पक्के ठाऊक होते.

नाव वर घेताना

नाव वर घ्यायला उलट विचार करायचा. वैशाखातल्या एखाद्या उधाणात, पूर्ण भरतीच्या वेळी नाव पाण्यावरच शक्य तितकी वर आणावी. जितके काम पाणी करील तितके माणसांचे वाचते. पुढे पाणी उतरत जाते तसे तिच्याखाली ओंडके घालत वर ओढावी. वैशाखातल्या उधाणाची रेघ दिसते तेवढ्यावर थांबू नये. पावसाळ्यातले उधाण आणि त्यावर वाऱ्याने लोटलेल्या लाटा त्या रेघेच्या बऱ्याच वर येतात.

किती माणसे लागतील याचा अंदाज असा. नावेचे वजन दोन टन आणि उतार आठास एक धरला, तर नुसत्या उताराचाच ओढा अडीचशे किलोचा. ओंडक्यांचे घर्षण आणि वाळूत रुतणे मिळवले की तो दुप्पटही होतो. माणूस सलग पंचवीस किलोच्या आसपास ओढतो असे मानले तर वीस माणसे झाली. तेवढी नसतील तर कप्पी लावावी. एक कप्पी नावेला बांधून दोराचे एक टोक वरच्या खुंट्याला पक्के केले, तर ओढा जवळजवळ निम्मा होतो. दोर मात्र दुप्पट लांबीचा लागतो. वाळू भुसभुशीत असेल तर ओंडक्यांखाली फळ्या टाकाव्यात, नाही तर ओंडके फिरत नाहीत, नुसते रुततात.

ओंडके घालणाऱ्याने नेहमी बाजूने घालावेत. नावेच्या पुढे वाकून हात खाली घालू नये. हुकूम एकाच माणसाने द्यावा. दहा जण ओरडू लागले की हात चिरडतो. मागे पाचर किंवा दगड घेऊन दोन माणसे उभी हवीत, म्हणजे दोर सुटला तरी नाव मागे धावणार नाही. दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत आणि आसपास कोणी उभे राहू नये. ही गोष्ट पोरांना हात धरून समजवावी. तारेच्या दोराला तर फार जपावे.

जागेवर नेल्यावर नाव सरळ उभी करून दोन्ही अंगांना टेकू द्यावेत. टेकूखाली फळी घालावी, म्हणजे पावसाने भिजलेल्या वाळूत ते खचणार नाहीत. आतले पाणी निघून जावे म्हणून खालचे बूच काढून ठेवावे आणि ते इंजिनाजवळ बांधून टाकावे. नावेच्या दोन्ही टोकांना दोर घेऊन ते खोल पुरलेल्या खुंट्यांना बांधावेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकले तेव्हा नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या. जून उजाडून दोनच दिवस झाले होते. मेअखेरपर्यंत थांबणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. वादळ पंचांग बघत नाही.

ट्रॅक्टरवाल्यासाठी चार शब्द

शेतकरी बंधूंनो, नांगरटीला ट्रॅक्टर चालवणे वेगळे आणि नाव ओढणे वेगळे. ओढायचा दोर मागच्या खालच्या ड्रॉबारलाच बांधावा. वरच्या बाजूला, आसाच्या वर कुठेही बांधला आणि नाव अडली, तर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलतात आणि तो चालकावर उलटा पडतो. हे एका क्षणात घडते, उडी मारायलाही वेळ मिळत नाही. क्लच हळू सोडावा, हिसका देऊ नये. मडगार्डवर कोणाला बसवू नये, आपल्या स्वतःच्या पोराला तर नाहीच.

ओल्या वाळूवर मागची चाके फिरू लागली की लगेच थांबावे. जास्त गॅस दिला तर ट्रॅक्टर आणखी खोल जातो, आणि मागून भरती येत असते. शक्य असेल तर ट्रॅक्टर वर घट्ट जमिनीवर ठेवून लांब दोराने ओढावे. खाऱ्या पाण्यात गेलेला ट्रॅक्टर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावा, विशेषतः ब्रेक आणि चाकांचे बेअरिंग, आणि ग्रीस भरावे. भाडे एका दिवसाचे मिळते, गंज मात्र वर्षभर खातो.

चाकांवरची होडी

आता लहान फायबरच्या होड्या आल्या आहेत. मागे टांगायचे इंजिन, दोन चाकांचा ट्रेलर, आणि उतरता धक्का, ज्याला सगळे रॅम्प म्हणतात. धक्का साधारण सात-आठ फुटांस एक फूट उतरता असला की बरा. फार सपाट असेल तर होडी तरंगायच्या आत ट्रॅक्टरच पाण्यात जातो, फार उभा असेल तर चाके घसरतात.

हे काम सोपे वाटते, पण क्रम चुकला की फजिती होते. वरच्या सपाट जागेवर सगळी तयारी करावी, उतारावर नाही. बूच बसवले का ते हाताने चाचपून पाहावे; बूच विसरून होडी पाण्यात सोडणारे दरवर्षी निघतात. इंजिन वर उचलून ठेवावे. बांधलेले पट्टे सोडावेत, पण पुढचा विंचचा आकडा सोडू नये. तो आधी सुटला तर होडी धक्क्यावरच घसरून आपटते. नाळेला एक लांब दोर बांधून शहाण्या माणसाच्या हातात द्यावा. लांबून रस्त्याने आला असाल तर पंधरा-वीस मिनिटे चाके थंड होऊ द्यावीत; तापलेले बेअरिंग थंड पाण्यात बुडले की खारे पाणी आत शोषून घेते.

ट्रॉली मागे घेणाऱ्याला ट्रेलर मागे घेणे शिकवावे लागत नाही. स्टिअरिंग उलटे, हळूहळू आणि थोडे थोडे. धक्क्याचा खालचा भाग, जिथे रोज भरतीचे पाणी येते, तिथे शेवाळ असते. तिथे चाक आणि पाय दोन्ही घसरतात. आदल्या ओहोटीला तो भाग खराट्याने घासून घेतला तर उत्तम. होडीचे मागचे टोक तरंगू लागले की थांबावे, ब्रेक लावावा, गिअरमध्ये ठेवावे, चाकामागे दगड द्यावा. मग आकडा सोडून होडी ढकलावी. ट्रेलर आणि पाणी यांच्या मध्ये, होडीच्या मागे, कोणी उभे राहू नये.

परत घेताना ट्रेलर फार खोल नेऊ नये. साधारण दोन-तृतीयांश पाण्यात असला की होडी सरळ त्यावर येते. फार खोल गेला की ती वाकडी तरंगते आणि पाणी उतरल्यावर तिरकी बसते. आकडा लावून विंचने ओढावी, मग वर सपाट जागेवर नेऊन बूच काढावे, पट्टे बांधावेत, आणि इंजिन गोड्या पाण्याने धुवावे.

एक धोका मात्र सांगितला पाहिजे. ट्रेलरवरून होडी मागच्या टोकाने पाण्यात जाते. खाडीच्या शांत पाण्यात ते ठीक. उघड्या किनाऱ्यावर लाटा फुटत असतील तर पहिलीच लाट मागून आत येते आणि होडी भरते. म्हणून ट्रेलरची होडी खाडीतल्या धक्क्यावरूनच सोडावी. उघड्या वाळूवर जुनी रीतच चांगली: नाळ समुद्राकडे, आणि लाटांचे अंतर मोजून मधल्या शांततेत ढकलणे.

बंदीचा काळ आणि घरातले काम

गेली काही वर्षे महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा हा काळ. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना ही बंदी लागू नसते. आदेश दरवर्षी निघतो, म्हणून त्या वर्षीच्या तारखा मत्स्यव्यवसाय खात्याकडून किंवा आपल्या सोसायटीतून विचारून घ्याव्यात. नारळी पौर्णिमा कधी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात येते, तर अधिक मास आला की महिन्याच्या अखेरीला जाते; २०२३ साली ती ३० ऑगस्टला होती. बंदी उठली म्हणजे समुद्र शांत झाला असे नव्हे. कागदावरची तारीख आणि पाण्यावरची लाट, दोन्ही बघून नाव सोडावी.

मायभगिनींना यात काम नाही असे कोणी समजू नये. नाव वर आली की जाळी धुणे, सुकवणे, उंदरांपासून जपणे हे काम घरातल्या बायकांच्याच हातचे. त्यांनी आणखी एक काम आपल्याकडे घ्यावे. नाव उतरवायच्या आधी आठ दिवस दोर, कप्पी, आकडे, बूच आणि अंगावरचे तरंगते जाकीट अंगणात मांडून तपासायला लावावे. दोर हातातून सरकवून पाहिला तर कुठे झिजला ते बोटांना कळते. ज्या बाईने कुजलेला दोर वेळीच चुलीत घातला, तिने एखाद्याचा पाय वाचवला.

गुडघा मोडला त्यानंतरच्या वर्षी मी श्रावणात पुन्हा आजोळी गेलो होतो. नारळी पौर्णिमेच्या सकाळी मामा ओट्यावर बसून मामेभावाला तिथीची पाऊणपट विचारत होते. त्याने सव्वाअकरा सांगितले. मामांनी साडेनऊलाच माणसे बोलावली. पूजा किनाऱ्यावरच झाली, नवा दोर लावला, पोरांना दूर माडाखाली उभे केले. साडेदहाच्या आत नाव पाण्यावर होती, आणि पाणी अजून चढतच होते.